पीर कमळाबाई

पनवेल,
२ फेब्रुवारी १९८९

आदरणीय सुनंदाबाईंना जगन घरत याचा सादर नमस्कार.

बाई, तुम्ही मला ओळखाल की नाही अशी शंका आहे, म्हणून आधी ओळख देतो. दहावी ब, खिडकीकडचा बाक. ‘एम्बॅरस’ या शब्दात दोन आर आणि दोन एस असतात हे वर्गात एकट्याने सांगितलेला मुलगा. तुम्ही मला अख्खा खडू बक्षीस दिला होता. बारावीला बसलो नाही. आता स्टँडजवळच्या छापखान्यात कंपोझिटर आहे, अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवतो. तुमचा पुण्याचा पत्ता शाळेच्या ऑफिसातून मिळवला, त्याबद्दल माफी असावी. हे पत्र आधी कच्चे लिहून मग पक्के केले आहे. तरी ऱ्हस्वदीर्घ चुकले असेल तर कळवावे.

माझे लग्न ठरले आहे. मुलगी पळस्प्याची, नाव भाविका. तिचे वडील बळीरामशेठ नाक्यावर रेती-खडीचा धंदा करतात. लग्न पनवेलला हॉलमध्ये, मे महिन्यात. पत्रिका इंग्रजीत पाहिजे असा त्यांचा हुकूम आहे, कारण साहेब लोक आणि बिल्डर येणार. मजकूर भाविकाच्या भावाने, प्रणितने, लिहून दिला. तो बी.कॉम. आहे. छापायचा मला आहे.

त्या मजकुरात एक ओळ आहे, तिच्यामुळे माझी झोप उडाली आहे.

तुम्हाला माहीत असेल, आम्हा आगरी लोकांत लग्न लागते ते धवलारणीच्या तोंडून. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत आणि हळदीपासून मुलगी घरात येईपर्यंत प्रत्येक विधीचे गाणे, म्हणजे धवला असतो, तो तिने म्हटल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. माझी आत्या कमळाबाई धवलारीण आहे. आई-बाबा गेल्यावर तिनेच मिठागरात पाट्या उचलून मला वाढवले. आमच्या कामोठ्यात तिने लावलेल्या लग्नांची पोरे आता लग्नाला आली आहेत. तर प्रणितच्या मजकुरात वर भटजींचे नाव मोठ्या अक्षरात आहे आणि सगळ्यात खाली, जेवणाच्या वेळेच्या शेजारी, असे आहे: ‘एंटरटेनमेंट: बँजो पार्टी आणि कमळाबाई.’

आत्या मनोरंजन आहे, बाई.

बळीरामशेठ म्हणाले, “म्हातारीला हळदीला घरी गाऊ दे काय त्ये. हॉलमदे ष्टेजवर भटजी बसतील. ती खाली बँजोवाल्यांच्या बाजूला बसंल. मानाची खुर्ची देऊ, काय कमी नाय करनार.” मी मान हलवली नाही आणि नाहीही म्हटले नाही. मोठ्या माणसांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते. पण छापलेले कोणाला खोडता येत नाही. म्हणून मला एक इंग्रजी शब्द पाहिजे. भटजींच्या बरोबरीची, असा अर्थ एकाच शब्दात आला पाहिजे. ‘इक्वल’ लावून बघितला, पण भटजी इक्वल टू कमळाबाई हे गणितासारखे दिसते. बरोबरीचे जेवढे इंग्रजी शब्द असतील तेवढे मुळापासून समजावून सांगाल का? आत्या त्या स्टेजवर बसली नाही तर मीही बोहल्यावर बसणार नाही, असे ठरवले आहे. अजून कोणाला सांगितलेले नाही. तुम्हालाच पहिल्यांदा लिहितो आहे.

आपला विद्यार्थी,
जगन घरत


पुणे,
९ फेब्रुवारी १९८९

चि. जगन यास अनेक आशीर्वाद.

ओळखलं. तू पेपर दिल्यावर परत मागून घ्यायचास आणि टिंबं तपासायचास. पर्यवेक्षक वैतागायचे.

तुझं पत्र वाचून माझा आठवडा बरा गेला. इथे मुलाकडे, अविनाशकडे, तिसऱ्या मजल्यावर मला कोणी ‘दूध उतू गेलं का?’ याखेरीज काही विचारत नाही. तेव्हा बैस, तास सुरू झाला.

‘इक्वल’ लॅटिन मुळाचा. तिथे त्या मुळाचा अर्थ सपाट, समतल. शेतात उंचवटा नाही, खड्डा नाही, ती जमीन. माणसाला तो शब्द नंतर लागला. ‘इक्विटी’ त्याच मुळाची बहीण, पण स्वभावाने निराळी: सगळ्यांना सारखं नव्हे, तर ज्याला जे शोभेल ते न्यायाने. आणि ‘इनिक्विटी’ म्हणजे घोर अन्याय. शब्दशः बघितलंस तर फक्त खडबडीतपणा! आपण ‘विषम’ म्हणतो ना, तसंच.

‘सेम’ हा इंग्रजी शब्द आणि आपला ‘सम’ एकाच पणजीची पणतवंडं. रिक्षावाला ‘सेम टू सेम’ म्हणतो तेव्हा अर्धं संस्कृतच बोलत असतो.

‘फेअर’ची गंमत बघ. आधी अर्थ सुंदर. मग डाग नसलेला. मग एकीकडे न्यायी, पक्षपात नसलेला. आणि दुसरीकडे गोरा. एकाच शब्दाच्या पोटी दोन्ही. वर्तमानपत्रातल्या वधूवरांच्या जाहिरातींत ‘फेअर’ मुलगी मागतात त्यांना यातला कुठला अर्थ हवा असतो, हे तुला सांगायला नको.

‘पीअर’ मला सगळ्यात आवडतो. पी, डबल ई, आर. मूळ अर्थ: बरोबरीचा, जोडीचा. ‘पेअर’ म्हणजे जोडी हाही त्याचा भाऊ. राजाच्या दरबारात बडे सरदार एकमेकांचे ‘पीअर’ म्हणवून घेत, म्हणजे आपापसात समान. झालं, होता होता तो शब्द उमरावांचाच किताब झाला! बरोबरीचा म्हणणारा शब्द सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसला. आणि तुझ्यासारख्याला झोप येऊ नये म्हणून अजून एक: ‘अंपायर’ मूळचा ‘नंपायर’. न-पीअर, कोणाच्याच जोडीचा नाही असा तिसरा माणूस. लोकांनी ‘अ नंपायर’ऐवजी ‘अॅन अंपायर’ ऐकलं, सुरुवातीचा न शेजारच्या शब्दाला चिकटला तो कायमचा. एका चुकीच्या स्पेलिंगवर सगळं क्रिकेट चाललं आहे.

आता शिक्षक म्हणून नव्हे, वडीलधारी म्हणून. लग्नघरातल्या भांडणात शब्दकोश कामाला येत नाही. बळीरामशेठ खुर्ची देतो म्हणाले ना? ती खुर्ची चांगली, मानाची, पुढच्या रांगेत मागून घे. शाल-नारळ द्यायला लाव. भटजींचं काम वेगळं, आत्यांचं वेगळं. दोघांना आपापल्या जागी मान मिळाला तर ती ‘इक्विटी’च झाली. लग्न मोडू नकोस. मुलगी कशी आहे ते तू लिहिलंच नाहीस.

तुझी,
सुनंदाबाई


पनवेल,
२० फेब्रुवारी १९८९

आदरणीय बाईंना सादर नमस्कार.

तुमचे पत्र पाठ झाले आहे. अंपायरच्या न बद्दल खरोखरच दोन दिवस बरे वाटत नव्हते.

पण बाई, तुमच्याशी वाद घालायची माझी पायरी नाही, तरी घालतो. तुम्ही म्हणता ती मानाची खुर्ची बळीरामशेठनीही देऊ केली होती. शब्दसुद्धा तोच, “मानाची”. मी नीट विचार केला. ज्याला वर घ्यायचे नसते त्यालाच खाली मानाची खुर्ची मिळते. भटजींना कोणी मानाची खुर्ची देऊ असे म्हणत नाही, त्यांचा पाट मांडलेलाच असतो. माझ्या आत्याचे काम वेगळे नाही. लग्न लावणे हेच तिचेही काम. ते संस्कृतात लावतात, ती आमच्या बोलीत. भाषा वेगळी म्हणून पाट वेगळा का?

आमच्या बाबांनी मिठागराची जमीन पायांनी तुडवून सपाट केलेली मी पाहिली आहे. एका कोपऱ्यात जरा उंच राहिली तर तिकडे पाणी चढत नाही आणि मीठ धरत नाही. बाबा तो कोपरा परत तुडवायचे. त्याला मानाचा कोपरा म्हणून सोडायचे नाहीत. तुमचा ‘इक्वल’ मला तिथे कळला. तुमची ‘इक्विटी’ मला पटली नाही. राग मानू नये.

म्हणून ‘पीअर’ घेतला आहे. आजच पत्रिका छापल्या, एक सोबत जोडतो. भटजींचे नाव ज्या आकाराच्या खिळ्यांत, त्याच आकारात खालच्या ओळीत: ‘पीअर: श्रीमती कमळाबाई.’ स्पेलिंग मालकांच्या डिक्शनरीत तपासले आहे. प्रणितची एंटरटेनमेंटची ओळ काढून टाकली. बँजो पार्टी जेवणाच्या खाली ठेवली आहे. गठ्ठा पळस्प्याला पाठवून दिला. मी स्वतः गेलो नाही, टेम्पोवाल्याकडे दिला.

मुलगी कशी आहे असे विचारलेत. दोनदा भेटलो. दुसऱ्या वेळी तिने विचारले, “तुमी नेहमी एवढं हळू बोलता का माझ्याशीच?” मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुतेक दिले नाही.

आपला,
जगन


पुणे,
२३ फेब्रुवारी १९८९

जगन,

पत्रिका मिळाली. घाईत लिहिते आहे, अविनाश टपालात टाकतो म्हणाला.

अरे, छापण्याआधी मला विचारायचं होतंस! डिक्शनरीत बघितलंस, पण पनवेलच्या नाक्यावर उभा राहून वाचलंस का? डबल ई म्हणजे दीर्घ ई. तिकडे हा शब्द कोणी ‘पीअर’ असा वाचणार नाही. कुठल्याही दर्ग्याच्या इंग्रजी पाटीवर हेच स्पेलिंग असतं. लोक तुझ्या पत्रिकेत ‘पीर कमळाबाई’ वाचतील.

गठ्ठे वाटले नसतील तर थांबव.

सुनंदाबाई


पनवेल,
१४ मार्च १९८९

आदरणीय बाईंना सादर नमस्कार.

तुमचे पत्र येईपर्यंत गठ्ठे वाटून झाले होते. इतके दिवस लिहिले नाही, कारण काय लिहावे कळत नव्हते.

तुम्ही म्हणालात तसेच झाले. प्रणित छापखान्यात आला, पत्रिका टेबलावर आपटली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “भावोजी, आत्याला पीर केलात? उरूस कवा हाय? चादर आनू का?” मशीनमनपासून मालकांपर्यंत सगळे हसले. मी स्पेलिंग बरोबर आहे असे म्हणालो. त्यावर जास्तच हसले.

कामोठ्यात तर आमच्या ओट्यावर कोणीतरी उदबत्त्यांचा जुडगा लावून गेले. मी तो विझवायला धावलो. आत्या आतून आली, मला म्हणाली, “राहू दे. वास चांगला हाय.” मी तिला सगळे सांगितले, तुमचा शब्द, माझी चूक, सगळे. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, “पीर तर पीर. मना काय कमीपणा हाय त्यात? पिराच्या दारात पाटील पन चप्पल काढून उभा ऱ्हातो. खुर्ची देतो म्हनायची कोनाची टाप हाय त्याला?” दुसऱ्या दिवशी बोरिंगवर कोणी बाई हसली तर आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने आशीर्वाद दिला, “पोरगा होईल गं तुला!” त्या बाईला नातवंडे आहेत. बोरिंगवर पाणी भरायचे राहिले.

आत्या अशी आहे. पण बळीरामशेठ हसले नाहीत. त्यांचा निरोप आला: ती कार्डे जाळायची, नवी छापायची, त्यात म्हातारीचे नाव कुठेच नको. हॉलमध्येही नको, खालीसुद्धा नको. नाहीतर लग्न राहिले.

मी उत्तर पाठवले नाही. नवीन मजकूर जुळवायला घेत होतो आणि सोडत होतो.

मग परवा भाविका छापखान्यात आली. एकटी. शिवणाच्या क्लासला म्हणून पनवेलला आली होती. मालक चहाला गेले होते. तिने पर्समधून पत्रिका काढली.

“ह्ये काय लिवलंय?”

“पीअर. म्हणजे बरोबरीची. भटजींच्या बरोबरीची.”

“मंग बरोबरीची असं लिवायला काय झालं होतं?”

“पत्रिका इंग्रजीत हवी होती ना.”

“प्रणितला हवी होती. बाबांना इंग्रजी येतं? नाय. तुमच्या आत्याला येतं? नाय. मला थोडं येतं, तर मी पन पीरच वाचलं. मंग तुमी बोललात कोनाशी?”

मी खिळ्यांकडे बघत होतो. ती म्हणाली, “तुमी बोलला नाय. तुमी इंग्रजीत लपलात.”

मी म्हणालो, मराठीत स्पष्ट बोललो तर तुमचे बाबा लग्न मोडतील. ती म्हणाली, “मोडू दे. मोडायचं तर तुमच्या तोंडानं मोडू दे, खिळ्यांनी नको. आनि एक सांगते. माझ्या आईचं लग्न कोनी लावलं ते बाबांना विचारा. मी विचारलं तर थोबाडीत बसंल, तुमाला जावई म्हनून नाय मारनार.” जाताना दारातून परत वळून म्हणाली, “बहुतेक.”

बाई, मी काय करू? मला आजपर्यंत एकही वाक्य आधी कच्चे न लिहिता बोलता आलेले नाही.

आपला,
जगन


पुणे,
१९ मार्च १९८९

चि. जगन,

काय करू असं विचारतोस, आणि त्या मुलीने तुला अगदी स्वच्छ सांगितलं आहे. तिची उत्तरपत्रिका मी तपासली असती तर समासात काही लिहिलं नसतं.

मानाच्या खुर्चीचा माझा सल्ला मी मागे घेते. तुझा मिठागराचा कोपरा वाचल्यावरच घ्यायला हवा होता. त्या वेळी जरा फुगून बसले होते.

आता शेवटचा तास. मी तुला लॅटिनपर्यंत फिरवून आणलं आणि घरातला शब्द सांगायचा राहिला. पीर हा शब्द फारसीतून आला. तिथे त्याचा साधा अर्थ म्हातारा, वडीलधारा माणूस. तेव्हा नाक्यावरच्या लोकांनी फार चुकीचं वाचलं नाही. आणि ‘बरोबर’सुद्धा फारसीतूनच आला. तिथे ‘बर’ म्हणजे छाती. बराबर म्हणजे छातीला छाती, एका ओळीत उभे राहिलेले. आपण तो घेतला आणि तीन कामांना लावला. गणित बरोबर आलं. माझ्याबरोबर चल. हा माझ्या बरोबरीचा. या तिन्हींसाठी इंग्रजीला तीन वेगवेगळे शब्द शोधावे लागतात.

तू आयुष्यभर पहिल्या अर्थाच्या मागे लागलास, सगळं बरोबर लिहायचं. उरलेले दोन अर्थ लिहिण्यात नसतात. पळस्प्याला जा. कच्चं लिहून नेऊ नकोस.

तुझी,
सुनंदाबाई


पनवेल,
२ एप्रिल १९८९

आदरणीय बाईंना सादर नमस्कार.

गेलो. कच्चे लिहून नेले होते, पण खिशातून काढले नाही.

बळीरामशेठ आवारात उभे होते. खडीचा ट्रक खाली होत होता, त्या आवाजात मी दोनदा बोललो, त्यांनी दोनदा कानामागे हात नेला. शेवटी मी जीव खाऊन ओरडलो, “आत्या भटजींच्या बरोबरीनं बसणार! नाहीतर मी पण बसणार नाही!” आणि नेमका ‘बरोबरीनं’ म्हणताना ट्रक रिकामा झाला. पुढचे सगळे शब्द ड्रायव्हर, क्लीनर, खडी ओढणाऱ्या बाया, समोरचा पंक्चरवाला, सगळ्यांनी ऐकले.

बळीरामशेठ म्हणाले, “वरडतंस कशाला? बहिरा हाय काय मी?”

मी म्हणालो, हळू बोललो तेव्हा कोणी ऐकले नाही.

मग ते मला आत घेऊन गेले. बसा म्हणाले नाहीत, तेही बसले नाहीत. म्हणाले, “तुला कळत नाय जगन. हॉलमदे साहेब लोक येनार. मोठमोठी मानसं. ष्टेजवर म्हातारी हात हलवत गाताना बघून काय म्हनतील? पैसा आला, पन मानसं तीच ऱ्हायली, असं म्हनतील. आमी काय यासाठी वर आलो?” बाई, त्यांचा आवाज त्या वेळी रागाचा नव्हता. मला त्यांची दया आली. पण दया आली म्हणून मागे हटायचे नाही, हेही त्याच वेळी ठरले.

मी विचारले, “तुमचं लग्न कोणी लावलं होतं?”

त्यांनी टोपी सारखी केली. मी म्हणालो, “भटजी होते का?”

“तवा भटजी आनायची ऐपत कुठं होती आमची? धवलारनीनंच लावलं.”

“मग ते लग्न लागलं का नाही?”

आता खरेच थोबाडीत बसेल असे वाटले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून भाविकाची आई, चंद्रावतीबाई, म्हणाल्या, “सांगा की. लागलं का नाय? नसंल लागलं तर मी जाते माझ्या बापाकडं. इतकी वर्सं फुकट राबले.” आणि आतून भाविकाचे हसणे ऐकू आले, तोंडावर पदर धरलेले.

बळीरामशेठनी दाराकडे बघितले. मग म्हणाले, “बसू दे. पाट मांडू. पन तो पीर नको आता.”

पीर नाही. नवी पत्रिका मराठीत केली आहे, सोबत आहे. एकाच ओळीत, एकाच खिळ्यांत: ‘लग्नविधी करणार: वेदमूर्ती दामोदरशास्त्री व धवलारीण कमळाबाई.’ प्रणित म्हणाला इंग्रजी नाही तर साहेब लोक वाचणार कसे? भाविकाने त्याला सांगितले, “वाचायला नाय, जेवायला येनार हायत ते.”

लग्न सात मे, रविवार. तुम्ही आलात तर मला फार धीर येईल. गुडघे दुखत असतील तर आग्रह नाही. पण या.

आपला,
जगन


पुणे,
१० एप्रिल १९८९

येते. अविनाश नको म्हणतो, पण मीही आता जरा ओरडून बघितलं. उपयोग होतो.

सुनंदाबाई


कामोठे,
९ मे १९८९

आदरणीय बाईंना जगन आणि भाविका यांचा सादर नमस्कार.

तुम्ही जेवण होताच पुण्याच्या गाडीसाठी निघालात. अविनाशदादा चिडले नसतील अशी आशा आहे. आत्या तुमच्या डोळ्यांसमोर स्टेजवर बसली, पाटाला पाट लावून, ते तुम्ही पाहिले. भटजी तुमच्या कानात काय म्हणाले ते तुम्हीच सांगितलेत, की ह्या बाई मध्ये मध्ये गातात म्हणून माझ्या घशाला विसावा मिळतो. साहेब लोक पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. टाळ्या कुठे वाजवायच्या ते त्यांना माहीत नव्हते, म्हणून मंत्रांनाही वाजवल्या. तुमच्या डोळ्यांना पदर होता, मी पाहिले.

पण तुम्ही गेल्यावर जे घडले त्यासाठी हे पत्र. तुम्हाला वाटले असेल की पाट मिळाला, जिंकलो. मलाही वाटले होते.

पाठवणीच्या आधी मानपान होते. बळीरामशेठनी भटजींना धोतरजोडी आणि नारळ स्वतः दोन्ही हातांनी दिला, पायांवर डोके टेकले. फोटो निघाला. मग त्यांनी प्रणितला खूण केली. प्रणित ताटात साडी आणि नारळ घेऊन आत्याकडे आला आणि म्हणाला, “घ्या आत्या, तुमचं.”

आत्याने हात मांडीवरून हलवला नाही.

“तू कोन रं?” ती म्हणाली. “मुलगी तू दिलीस का तुझ्या बापानं?”

प्रणितने वडिलांकडे बघितले. बळीरामशेठ एका बिल्डरशी बोलत होते, ते बोलायचे थांबले. हॉलमध्ये बँजोवाल्यांनीही वाजवायचे थांबवले.  मी पुढे व्हायला गेलो तर भाविकाने शेल्याच्या गाठीनेच मला मागे ओढले.

बळीरामशेठ आले. त्यांनी ताट घेतले आणि एका हाताने पुढे केले.

“दोनी हातांनी,” आत्या म्हणाली. आवाज मोठा नव्हता, धवला म्हणताना असतो तसाच होता. “भटजींना कसं दिलंस? तसंच. मना जास्ती नको, शास्त्रींपेक्षा मी काय मोठी नाय. पन कमी पन नको.”

त्यांनी दोन्ही हातांनी ताट धरले. मग थांबले. मागे सगळे पाहुणे उभे होते, साहेब, बिल्डर, पंचायतीची माणसे, त्यांच्या आवारातले ड्रायव्हर. फोटोवाल्याने कॅमेरा वर केला होता. बळीरामशेठनी ताट बाजूला ठेवले आणि खाली वाकले. कमरेपर्यंत वाकले, हात पायांजवळ नेले आणि लगेच सरळ झाले.

आत्या त्यांच्याकडे बघत होती. नारळाला तिने हात लावला नाही.

“बळीराम,” ती म्हणाली, “कमी पडला.”

चंद्रावतीबाई तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या. प्रणित म्हणाला, “आत्या, आता पुरे...” शास्त्रीबुवांनी त्याला हाताने गप्प केले आणि म्हणाले, “शेठ, माझ्या पायांवर डोकं टेकलंत हो. मी मोजलं नाही, पण लक्षात आहे.”

बळीरामशेठ परत वाकले. या वेळी गुडघे टेकले, टोपी काढली आणि डोके आत्याच्या पायांवर ठेवले. आत्याने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि मग नारळ उचलून ओटीत घेतला.

आपला,
जगन